मुंबई ते लंडन: अंतर एकच, मग वेळ दर वेळी वेगळा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई इंग्लंडमध्ये रीडिंगला राहतात. त्यांचे आई-बाबा जूनमध्ये पहिल्यांदाच मुंबईहून लंडनला येणार आहेत. ताईंनी हिशोब केला: दोन शहरांमधलं हवाई अंतर ७,२०० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ९००, म्हणजे आठ तास. तिकिटावर मात्र येताना पावणेदहा तास लिहिलेत आणि परतीला नऊ. ओळखीतल्या एकांच्या काही वर्षांपूर्वीच्या तिकिटावर तर तिसराच आकडा आहे. मग खरं अंतर किती, आणि खरा वेळ किती?

तुमचा भागाकार बरोबर आहे. फक्त भाज्यही चुकलाय आणि भाजकही.

मी सव्वीस वर्षं मुंबईत एका विमान कंपनीच्या डिस्पॅचमध्ये होते. डिस्पॅचर म्हणजे विमानात न बसता विमान कोणत्या वाटेनं न्यायचं, किती उंचीवर न्यायचं, पोटात किती इंधन घालायचं आणि उतरायला जमलं नाही तर कुठे वळायचं हे कागदावर मांडणारी व्यक्ती. आमच्या खोलीत किलोमीटर हा शब्द कुणी उच्चारत नाही. तिथे सागरी मैल असतात, मिनिटं असतात आणि टन असतात. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, अक्षांशाच्या एका मिनिटाएवढं अंतर. मी खाली दोन्ही देत जाईन, कारण तुमचं डोकं किलोमीटरमध्ये चालतं आणि माझं आता त्यात चालत नाही.

आधी तो ७,२०० चा आकडा कुठून येतो ते पाहू. घरात पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा घ्या, एक टोक मुंबईवर धरा, दुसरं लंडनवर आणि ताणा. दोरा जिथून जातो ती सर्वांत जवळची वाट. हिशोबानं ती ३,८९२ सागरी मैल, म्हणजे साधारण ७,२०८ किलोमीटर भरते. विमान अकरा किलोमीटर उंचावरून जातं म्हणून अंतर वाढत असेल, असं बऱ्याच जणांना वाटतं. वाढतं, पण सगळं मिळून बारा किलोमीटर. ते सोडून द्या.

दोरा कुठून जातो ते मात्र बघण्यासारखं आहे. भिंतीवरच्या सपाट नकाशात मुंबई ते लंडन पट्टीनं रेघ मारली तर ती इराणच्या आखाताजवळून, इराक आणि तुर्कस्तानवरून जाते. गोलावरचा दोरा तसं करत नाही. तो उत्तरेकडे फुगतो. मुंबईहून निघून जामनगरच्या आसपास सौराष्ट्र ओलांडतो, जवळजवळ कराची शहराच्या डोक्यावरून जातो, इराणमध्ये झाहेदानच्या बाजूनं शिरतो, अर्ध्या वाटेवर जॉर्जिया आणि आर्मेनियाच्या सीमेवर पोचतो, मग काळ्या समुद्राचा कोपरा, क्रिमिया, पश्चिम युक्रेन, जर्मनी आणि लंडन.

कराचीचं नाव आलं म्हणून सांगते. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटांनी आपल्या छोट्या पस मॉथ विमानातून टपाल आणलं ते कराचीहून, अहमदाबादमार्गे, जुहूला. लंडनहून आलेलं टपाल इंपीरियल एअरवेजची विमानं कराचीपर्यंत पोचवत आणि तिथून पुढचा तुकडा टाटांनी जोडला. म्हणजे मुंबई आणि लंडनमधली हवाई वाट अगदी पहिल्यापासून कराचीवरून गेलेली आहे. पुढे ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा करत लंडनला गेलं. तेव्हा थांबे इंधनासाठी घ्यावे लागत. आता एका दमात जायला इंधन पुरतं, पण सरळ जायला वाट नाही.

कारण त्या दोऱ्यावर आज दोन गाठी आहेत. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे. आणि पाकिस्ताननं २४ एप्रिल २०२५ ला भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं. भारतानंही आठवडाभरात तेच केलं आणि मग ही मुदत महिन्या-महिन्यानं वाढत गेली. त्यामुळे तुमचं ते ७,२०८ किलोमीटरचं अंतर आहे खरं, पण त्यावरून कुणी उडत नाही. भूगोलाच्या पुस्तकातलं अंतर आहे ते.

मग उडतात कुठून? मुंबईची इथे एक चैन आहे. मुंबईला समोर समुद्र आहे. विमान सरळ पश्चिमेला अरबी समुद्रावर निघतं, मस्कतच्या बाजूला पोचतं आणि तिथून लंडनचा दोरा नव्यानं ताणतं. मस्कतहून ताणलेला दोरा इराण, तुर्कस्तान, काळ्या समुद्राची पश्चिम बाजू, रोमेनिया, बुडापेस्ट असा जातो. पाकिस्तानही चुकतं, युक्रेनही चुकतं. आणि वळसा किती पडतो? मुंबई–मस्कत सुमारे १,५९० किलोमीटर, मस्कत–लंडन ५,८३०, बेरीज ७,४२०. म्हणजे फक्त दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर जास्त. पंधरा मिनिटं. पाकिस्तान बंद झालं की टीव्हीवर ‘युरोपचा प्रवास लांबला’ अशा पट्ट्या धावतात, त्या मुख्यतः दिल्लीकरांसाठी असतात. दिल्लीहून लंडन सरळ मोजलं तर मुंबईपेक्षा जवळ आहे, जवळजवळ पाचशे किलोमीटरनं. पण दिल्लीच्या पश्चिमेला समुद्र नाही, पाकिस्तान आहे. दिल्लीच्या विमानाला आधी खाली गुजरातकडे यावं लागतं, मग समुद्रावर जाऊन आपल्या मुंबईच्या रांगेत लागावं लागतं.

२७ फेब्रुवारी २०१९ ची दुपार मला अजून आठवते. बालाकोटच्या दुसऱ्या दिवशीची. पाकिस्तानचं आकाश बंद झाल्याचा नोटॅम आला, नोटॅम म्हणजे वैमानिकांसाठी निघणारी सूचना, आणि माझ्या टेबलावर जी विमानं होती त्यांतली काही आधीच वाटेत होती. त्या क्षणी अंतर हा प्रश्नच उरत नाही. कोणत्या विमानात किती टन इंधन शिल्लक आहे आणि त्या टनांत कुठवर पोचता येईल, एवढंच बघायचं. जे अजून उभं होतं त्याचा प्लॅन फाडून नवा केला. जे हवेत होतं त्याला रेडिओवरून नवी वाट दिली. घरी पोचले तेव्हा दुसऱ्या दिवशीचं दूध दारात आलं होतं. ती बंदी १६ जुलैपर्यंत चालली. एकट्या एअर इंडियाला २ जुलैपर्यंतच ४९१ कोटींचा फटका बसल्याचा आकडा संसदेत सांगितला गेला. इंडिगोच्या दिल्ली–इस्तंबूल विमानाला तर इंधन भरायला दोह्याला उतरावं लागायचं.

आणि मस्कतच्या पलीकडचं आकाश तरी कायम उघडं असतं असं कुठे आहे? १३ जून २०२५ ला इराणवरचं आकाश अचानक बंद झालं तेव्हा मुंबईहून पहाटे लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान वाटेतून मुंबईला परत आलं. इराण नको म्हटलं तर सौदी, इजिप्त, भूमध्य समुद्र, ग्रीस अशी दक्षिणेकडची वाट धरायची. तिची बेरीज आठ हजार किलोमीटरवर जाते. म्हणजे तीच दोन शहरं, आणि अंतर ७,२०८, ७,४२० की ८,०००, हे त्या रात्री कुणाचं आकाश उघडं आहे त्यावर. शिवाय हवेत रस्ते असतात, त्यांवर पाच-पाच अक्षरांची नावं असलेले टप्पे असतात, लष्करी क्षेत्रं चुकवायची असतात. त्यामुळे प्रत्यक्ष वाट ताणलेल्या दोऱ्यापेक्षा तीन ते पाच टक्क्यांनी लांब निघते. पुढच्या हिशोबासाठी आपण ४,१५० सागरी मैल धरू. साधारण ७,७०० किलोमीटर.

हा झाला भाज्य. आता भाजक.

ताशी ९०० हा आकडा तुम्ही कुठूनही घेतला असाल, तो चुकीचा नाही. लंडनला जाणारी बोईंग ७८७ किंवा एअरबस ए-३५० सारखी मोठी विमानं आवाजाच्या वेगाच्या ०.८५ पटीनं चालवायची असतात. जमिनीवर आवाज ताशी सव्वाबाराशे किलोमीटरनं पळतो. अकरा किलोमीटरवर हवा उणे ५६ अंशांच्या आसपास थंड असते आणि थंड हवेत तो ताशी १,०६० वर येतो. त्याच्या ०.८५ पट म्हणजे ९०० च्या जरा वर, आमच्या भाषेत ४८८ नॉट; नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल. (मुंबई–दिल्ली करणारं ए-३२० हळू असतं, ०.७८, ताशी ८३० च्या आसपास.)

पण हा वेग हवेतला आहे. जमिनीवरचा नाही. सगळी गंमत इथे आहे. दाभोळच्या खाडीत ओहोटी लागलेली असताना होडी आत वल्हवून बघा. हात तेवढेच चालतात, पाणी तेवढंच कापलं जातं, पण काठावरचं माडाचं झाड जागचं हलत नाही. विमानाचं पाणी म्हणजे हवा, आणि दहा-बारा किलोमीटर उंचीवर या अक्षांशांमध्ये हवा बहुतेक वेळा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. त्यातला वेगवान प्रवाह म्हणजे जेट स्ट्रीम. हिवाळ्यात त्याचा एक पट्टा थेट उत्तर भारतावर असतो आणि तिथे शंभर नॉट, म्हणजे ताशी १८५ किलोमीटर, हा काही मोठा वारा नव्हे. युरोपकडे दुसरा पट्टा भेटतो. वाटभर सरासरी काढली तर आकडा सौम्य होतो, पण पुसला जात नाही.

समजा सरासरी ३५ नॉटचा वारा समोरून आहे. ४८८ मधून ३५ गेले, उरले ४५३. ४,१५० भागिले ४५३: नऊ तास दहा मिनिटं. परत येताना तोच वारा पाठीशी: ४८८ अधिक ३५, म्हणजे ५२३. ४,१५० भागिले ५२३: सात तास छप्पन्न मिनिटं. सव्वा तासाचा फरक, वाट एकच असून. डिस्पॅचमध्ये आम्ही हे हवेतल्या अंतरात मांडतो: जाताना विमानानं कापलेली हवा ४,४७० सागरी मैल, येताना ३,८७०. इंधन जमिनीवरच्या मैलांवर जळत नाही, या मैलांवर जळतं. ७८७ ला ताशी साधारण पाच टन लागतं, त्यावरून सव्वा तासाचं वजन काय ते काढा. आणि जास्तीचं इंधन फुकट वाहून नेता येत नाही. ते वाहायलाच इंधन लागतं. दर तासाला वाहिलेल्या वजनाचे तीन-चार टक्के. नऊ तासांत त्याचा चौथा हिस्सा तरी नुसता ओझ्यापायी जळतो.

इथे बहुतेक जण म्हणतात, जाताना गेलं ते येताना मिळालं, फिट्टंफाट. तसं होत नाही. सोपे आकडे घेऊ. अंतर ४,००० सागरी मैल, वेग ४८०. वारा नसेल तर जाऊन-येऊन सोळा तास चाळीस मिनिटं. आता ८० नॉटचा वारा धरा. जाताना ४०० नं दहा तास, येताना ५६० नं सात तास नऊ मिनिटं. बेरीज सतरा तास नऊ मिनिटं. जवळजवळ अर्धा तास गेला, तो परत मिळाला नाही, कारण वाऱ्याच्या उलट तुम्ही जास्त वेळ घालवता आणि वाऱ्याबरोबर कमी. नव्यानं आलेल्या मुलांना मी हे पहिल्या आठवड्यात करायला लावायची. इंजिनिअर झालेली मुलं, पण निम्म्यांचं उत्तर आधी चुकायचंच.

दुसरा एक गैरसमज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय: पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला जाताना लंडन आपणहून पुढ्यात यायला हवं! मग उलट जास्त वेळ का लागतो? कारण हवाही पृथ्वीबरोबर फिरते, आणि विमान त्या हवेत आहे. पृथ्वी खालून सरकत असती तर उडी मारल्यावर तुम्ही शेजारच्या इमारतीत उतरला असता. पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध आहे, पण आडवळणानं: विषुववृत्त आणि ध्रुव यांच्या तापमानातला फरक आणि हे फिरणं, दोन्ही मिळून जेट स्ट्रीम घडवतात.

वाऱ्यासाठी लांबची वाट धरणं हा आमच्या धंद्यातला रोजचा मोह. ठळक उदाहरण म्हणजे एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को. सुरुवातीला ते अटलांटिकवरून जायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते उलट बाजूनं, पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेलं. अंतर हजाराहून अधिक किलोमीटरनं वाढून १५,३०० झालं, आणि वेळ घटून साडेचौदा तासांवर आला, कारण वाटभर वारा पाठीशी. येताना पुन्हा पॅसिफिक नाही; येताना अटलांटिक, म्हणजे परतीलाही वारा पाठीशी. एका फेरीत विमान पृथ्वीला प्रदक्षिणा घालून यायचं. हे ऐकल्यावर ‘दोन शहरांमधलं अंतर’ टाकलं की प्रवासाचा वेळ काढून देणाऱ्या त्या गणकयंत्रांवर मी का चिडते ते लक्षात येईल. ती सरळ अंतर घेतात, एका ठराविक वेगानं भागतात, वर अर्धा तास टाकतात. मुंबई–नागपूरला चालून जातं. लंडनला नाही.

जूनचं विचारलंत म्हणून तुमच्यापुरती चांगली बातमी. पावसाळा आला की उत्तर भारतावरचा तो पश्चिमेचा प्रवाह हिमालयाच्या, तिबेटच्या पलीकडे सरकतो. समोरचा वारा बराच हलका होतो. जानेवारीच्या मानानं जूनमध्ये मुंबई–लंडन लवकर होतं. उलट मुंबईत उतरणं त्या दिवसांत अवघड, कारण ढग, पाऊस आणि रांग. वारा देतो ते धावपट्टी घेते.

आता तिकिटावरचा वेळ. तो उडण्याचा वेळ नसतोच. विमानाच्या चाकांना लावलेले अडसर काढले, विमान जागेवरून हललं, तिथे घड्याळ सुरू होतं. लंडनला जागेवर उभं राहून पुन्हा अडसर लागले की बंद होतं. याला ब्लॉक टाइम म्हणतात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून दोन असूनही एका वेळी व्यवहारात एकच वापरता येते. गर्दीच्या तासाला त्या एकीवर पंचेचाळीसच्या आसपास विमानं चढतात-उतरतात. रात्री दोन वाजता टर्मिनल २ वरून निघालात तर धावपट्टीपर्यंत वीस मिनिटं सहज. मग वर चढताना पहिली वीस-पंचवीस मिनिटं विमान पूर्ण वेगात नसतं. लंडनच्या बाजूला हीथ्रोला दोनच धावपट्ट्या आहेत आणि दिवसभर त्या भरलेल्या. शहराभोवती चार ठिकाणी, बॉविंग्डन, लॅम्बोर्न, बिगिन, ऑकम, विमानं एकावर एक थर करून गोल फिरत आपल्या पाळीची वाट बघतात. दहा-पंधरा मिनिटं ही तिथे नेहमीची गोष्ट. आई-बाबांना सांगून ठेवा की लंडन दिसायला लागल्यावर विमान वळलं तर घाबरायचं नाही.

या सगळ्याची पस्तीस मिनिटं आपल्या नऊ तास दहा मिनिटांत मिळवा. पावणेदहा. तुमच्या तिकिटावरचा आकडा.

परतीच्या हिशोबात मात्र ७:५६ अधिक ३५ म्हणजे साडेआठ येतात आणि तिकिटावर नऊ आहेत. ती अर्ध्या तासाची झोळ, म्हणजे जास्तीचा राखून ठेवलेला वेळ, कंपनीनं मुद्दाम ठेवलेली असते, मुंबईवर घिरट्या घालाव्या लागतात म्हणून. वेळापत्रक करणारे लोक मागच्या वर्षांच्या त्याच मोसमातल्या उड्डाणांचे वेळ घेतात आणि बहुतेक विमानं वेळेत बसतील असा आकडा निवडतात. पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर हा उशीर धरत नाहीत, हेही त्यांना ठाऊक असतं. म्हणून कधीकधी विमान वीस मिनिटं आधी येतं आणि कॅप्टन अभिमानानं तसं सांगतो. झोळ रिकामी राहिली, एवढाच त्याचा अर्थ. तसंच, निघायला तास उशीर झाला तर ‘हवेत भरून काढतील’ यावर फार विसंबू नका. वेग ०.८५ वरून ०.८६ केला तर नऊ तासांत जेमतेम सहा मिनिटं वाचतात आणि इंधन भसाभस जातं.

तुमच्या ओळखीतल्यांच्या जुन्या तिकिटावरचा तिसरा आकडा यातच बसतो. ते फेब्रुवारी २०२२ च्या आधीचं असेल तर तेव्हा युक्रेनही उघडं होतं आणि, २०१९ चे ते बंदीचे महिने सोडले तर, पाकिस्तानही. आणि मोसम वेगळा असेल तर वारा वेगळा.

घड्याळांचा गोंधळ वेगळाच. तिकिटावर निघण्याची वेळ मुंबईची आणि पोचण्याची लंडनची असते. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत इंग्लंडची घड्याळं तासभर पुढे असतात, त्यामुळे उन्हाळ्यात आपल्यात आणि त्यांच्यात साडेचार तासांचा फरक, हिवाळ्यात साडेपाच. जूनमध्ये रात्री दोनला निघालं, पावणेदहा तास चाललं, मुंबईच्या घड्याळात पावणेबारा वाजले, त्यातून साडेचार गेले, लंडनमध्ये सकाळचे सव्वासात. ‘सव्वापाच तासांत लंडन’ असं वाचून आनंदलेले प्रवासी मी पाहिलेत. परतीला याउलट: सकाळी साडेनऊला निघून रात्री अकराला मुंबई, आणि लोकांना वाटतं साडेतेरा तास लागले.

दुबईमार्गे स्वस्त पडतंय, घ्यावं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. अंतरानं बघितलं तर दुबई वाटेवरच आहे: मुंबई–दुबई १,९३० आणि दुबई–लंडन ५,५००, म्हणजे बेरीज ७,४३०. मस्कतच्या वळशाएवढीच. पण दोनदा चढणं, दोनदा उतरणं, दोनदा धावपट्टीकडे रांगणं आणि मधला थांबा मिळून तीन-चार तास सहज वाढतात. तरुण माणसाला पाय मोकळे करायला बरं. सत्तरीतल्या, पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या जोडप्याला मी थेट विमानातच बसवीन, दहा-बारा हजार जास्त गेले तरी.

पुण्याहून येणार असतील तर एक कबुली. मुंबईच्या धावपट्टीपासून हीथ्रोच्या धावपट्टीपर्यंतचा वेळ मी तुम्हाला दहा मिनिटांच्या फरकानं सांगू शकते. वाकडपासून टर्मिनल २ पर्यंतचा नाही सांगू शकत. सहा तास आधी निघा म्हणावं. खंडाळ्याच्या घाटात ट्रक आडवा पडला तर त्याचा नोटॅम निघत नाही.

तुम्ही स्वतः न्यायला जाणार आहात, तर निघायच्या दिवशी तिकिटावरचा वेळ बाजूला ठेवा. विमान मुंबईहून खरोखर किती वाजता हवेत गेलं ते विमानांचा माग दाखवणाऱ्या ॲपवर बघा, त्यात नऊ तास वीस मिनिटं मिळवा. ती उतरण्याची वेळ. मस्कतनंतर विमान उत्तरेला इराणकडे वळलं तर हा हिशोब धरा. डावीकडे सौदीकडे वळलं तर अजून पाऊण तास ते तास झोपा. उतरल्यावर इमिग्रेशन आणि बॅगा धरून दीड तास. व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवली असेल तर रांगेतून लवकर सुटका होते. आणि स्वेटर हातातल्या पिशवीत ठेवायला सांगा. जून असला तरी सकाळी सातला हीथ्रोबाहेर मुंबईच्या माणसाला थंडी वाजते, आणि चेक-इन बॅगेतला स्वेटर पट्ट्यावर फिरत असतो.